चौकड्याचं कापड

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याला काय दाखवायचं, हे मल्लिकार्जुनआप्पांच्या हाताला ठाऊक असे. पालमच्या बाजारात छत्तीस वर्षं एकाच गादीवर बसलेल्या माणसाला ते ठाऊक असायचंच. पांढऱ्या टोपीचा म्हातारा दिसला की हात धोतरजोड्यांच्या कप्प्याकडं जायचा, जाळीची टोपी दिसली की चौकड्याच्या लुंग्यांकडं. विचारायची गरजच नाही. "माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचं कापड बोलतं," असं आप्पा येईल त्याला ऐकवत, आणि शंभरात पाच वेळाही ते चुकले नसतील. पण ही विद्या एक दिवस बाजार सोडून आपल्याच ओसरीवर येऊन बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ओसरीवर त्यांचा मुलगा विरेश बसला होता. उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला, गुडघ्याखाली मांसात शिरलेल्या लोखंडी सळ्या आणि त्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या तीन कड्या, त्यावरून सोडलेली हिरव्या-निळ्या चौकड्याची शिवलेली लुंगी. दोन महिन्यांपूर्वीच्या अपघातात हनुवटीला टाके पडले, तेव्हापासून वाढू दिलेली दाढी. दोन कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मांडववाल्याची माणसं बांबू घेऊन आत-बाहेर करत होती आणि विरेश बसल्या जागेवरून त्यांना दोरी कुठं ताणायची ते सांगत होता. उद्या सकाळी घरचा गुग्गुळ, म्हणजे लग्नाआधीची वीरभद्राची मिरवणूक, आणि परवा विरेशच्या बहिणीचं, महेश्वरीचं लग्न.

आप्पा त्याच्याकडं न बघता बाजूच्या दारानं आत गेले. गेले दोन महिने ते बाजूच्याच दारानं ये-जा करत होते. कुणी विचारलं असतं तर दुकानातून तेच दार जवळ पडतं, असं त्यांनी सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

आत नागेश त्यांची वाटच बघत उभा होता. नागेश आप्पांचा धाकटा भाऊ. खता-बियाण्यांचं दुकान, गावातल्या प्रत्येक समितीवर नाव, आणि बोलण्यात सतत कुणाचा तरी फोन येऊन गेलेला. महेश्वरीचं हे जिंतूरचं स्थळ त्यानंच आणलं होतं. आधीची दोन स्थळं जमता जमता मोडली, तेव्हा पुतणीइतकाच तोही हिरमुसला होता. म्हणून आज त्याचा चेहरा उतरलेला बघून आप्पा दारातच थबकले.

"अण्णा, हे बघा." त्यानं मोबाइल पुढं केला.

फोटो आपल्याच दुकानासमोरचा होता. विरेश कुबड्यांवर उभा, उन्हासाठी डोक्याला रुमाल गुंडाळलेला, दाढी, खाली लुंगी. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पालमच्या आप्पाचं पोरगं बाटलं काय?'

"कुनी काढला?"

"कुनी का काढंना. जिंतूरला पोचलाय. याहींचा फोन आलता मला. दुपारी यायलेत, ते आन त्यांच्या भयनी. सोबत स्वामीजीला घेऊन यायलेत. इरेशला बघायला."

"बघायला म्हंजे?"

"बघायला म्हंजे बघायला, अण्णा. तब्येतीचं निमित्त हाय."

चुलीपाशी मल्लम्मा, म्हणजे आप्पांच्या कारभारीण, पुरणाची डाळ उतरवत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पण मागं वळून पाहिलं नाही. मल्लम्मा रागावल्या की भांडी हळू ठेवत, आणि आज पातेल्याचा आवाजच झाला नाही.

नागेशनं तोडगा तयार ठेवला होता. जीप सांगून ठेवली होती. विरेशला परभणीला ड्रेसिंगच्या नावाखाली न्यायचं, दोन दिवस तिथंच त्याच्या मित्राकडं ठेवायचं, लग्न पार पडलं की आणायचं. विचारलं तर सांगायचं, डॉक्टरनं ऐनवेळी बोलावलं.

"भयनीच्या लग्नात सख्खा भाऊ न्हाई?" मल्लम्मा म्हणाल्या. "गुग्गुळाच्या पुढं या घरात कोन चालतंय? नवरीचा भाऊ. तुमच्या भयनीच्या वेळंला तुमी चालला होता, भावजी. अंगात ताप होता तरी चाललात."

"मी धोतर नेसून चाललो होतो, वहिनी."

"आन उद्या गुग्गुळाम्होरं पुरवंत काय नेसून नाचनार हाय? एवढा घेर असतो त्याला, बायकांच्या परकराला लाजवल असा. त्याला न्हाई कोन म्हनत, बाटला का म्हनून."

"ते देवाचं हाय."

"मंग हे दुखन्याचं हाय."

नागेशनं आप्पांकडं पाहिलं आणि आप्पांनी पुरणाच्या डाळीकडं. खरं सांगायचं तर त्या घटकेला आप्पा मनानं नागेशच्याच बाजूला होते. दुखण्याचं आहे हे त्यांना कळत होतं. त्या सळ्यांवरून पँट चढत नव्हती. पायजम्याची एक बाजू उसवून पाहिली, तर कापड कडीत अडकून पोरगं किंचाळलं. मग धोतर लुंगीसारखं गुंडाळून दिलं. पण दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेल्या माणसानं कमरेची गाठ सांभाळायची कशानं? तिसऱ्याच दिवशी अंगणात ते सुटलं, ते नेमकं दूधवालीसमोर. तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच, आणि तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "ओ मल्लम्माकाकू" अशी हाळी देऊ लागली. त्याच आठवड्यात पाथरीहून एसटीनं एक गाठोडं आलं. दवाखान्यात विरेशच्या शेजारच्या खाटेवर ज्यांचा भाऊ होता, त्या खाजामियाँ टेलरनी पाठवलेलं. आत चार लुंग्या होत्या, नळीसारख्या शिवलेल्या, कमरेला नाडी ओवलेल्या. सुटायचं भय नाही, आणि जखमेतून औषध झिरपलं तरी चौकड्यात डाग दिसत नाही.

आप्पांनी खाजामियाँना कधी पाहिलं नव्हतं. अपघात झाला त्या दिवशी आप्पा माल आणायला इचलकरंजीला होते. ते तिसऱ्या दिवशी परभणीला पोचले, तोवर शेजारची खाट रिकामी झाली होती. गाठोडं उघडल्यावर मात्र त्यांच्या मनात पहिला विचार आला होता तो असा, की त्यांनी आपलं त्यांच्यातलं दिलं, चांगल्या मनानं दिलं. दुसरा विचार आला, चार दिवसांचं तर काम आहे. त्या चार दिवसांचे दोन महिने झाले.

"मी बोलतो त्याच्याशी," आप्पा म्हणाले.

त्यांनी आदल्याच दिवशी, कुणाला न सांगता, एक सोय करून ठेवली होती. दुकानातल्या चांगल्या पांढऱ्या कापडाची एक लुंगी शिवून घेतली होती, नाडीसकट. ती काखेत घेऊन ते ओसरीवर आले. मांडववाले चहाला गेले होते.

"इरेश, ही घाल. पांढरी हाय. शिवलेलीच हाय, तरास होनार न्हाई."

विरेशनं ती उलगडून बघितली. कापड दोन बोटांत धरून चोळलं. दुकानदाराचं पोर, तेवढं केल्याशिवाय राहवलं नाही.

"चांगलं कापड हाय, आप्पा."

"धुतलं तरी आटायचं न्हाई."

"घालतो की. पन एक सांगा. दोन महिने मी त्या चार लुंग्यांवर काढायलोय. एक वाळत घालायची, एक अंगावर. तवा तुमाला पांढरी सुचली न्हाई. आज जिंतूरची जीप यायलीय म्हनून सुचली."

तो चिडून बोलला असता तर आप्पांना बरं पडलं असतं. तो नुसता सांगत होता. आप्पांनी उगाच मांडवाच्या बांबूकडं पाहिलं.

"तुझ्या भयनीचं लगीन हाय," ते म्हणाले. "दोनदा मोडलंय. आता तिसऱ्यांदा काय झालं तर मला त्या पोरीच्या तोंडाकडं बघवायचं न्हाई."

"म्हनून तर घालतो म्हनलो. काकाच्या जीपमधी बी बसतो म्हना तर. पन तिला विचारा एकदा."

विचारायला जावं लागलं नाही. घर काही एवढं मोठं नव्हतं. महेश्वरी दारातच उभी होती, हातात हिरव्या चुड्याची भरती होता होता अर्ध्यात सोडून आलेली. एका हातात बांगड्या कोपरापर्यंत, दुसरा हात मोकळा.

"दादा कुठं बी जानार न्हाई," ती म्हणाली. "आन ती पांढरी बी नको."

"माही, तू यात पडू नको," आप्पा म्हणाले.

"मी न्हाई तर कोन पडल, आप्पा? माझंच लगीन हाय. त्यांच्या मोबाइलमधी चौकड्याचा दादा हाय. इथं त्यांनी पांढऱ्यातला बघितला तर काय म्हनतील? आमी यायलोय म्हनून बदलला. मंग त्या घरात गेल्यावर मला रोज सांगत बसावं लागल, की माझा भाऊ तसा न्हाई, तसा न्हाई. काय हाय ते आजच बघू द्या. मोडायचं तर आज मोडू द्या, परवा मांडवात नको."

विरेशनं पांढऱ्या लुंगीची घडी पुन्हा होती तशी घातली आणि स्टुलाच्या कडेवर ठेवली. आप्पांना पोरीचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. बापाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात.

नागेशनं ऐकलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. पण त्याची बायको राजेश्री, जी आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती, तीच पानाला चुना लावता लावता म्हणाली, "पोरगी म्हनायलीय ते खरंय की. झाकलेलं कोंबडं आरवायचं थोडंच राहतंय?" घरात आता नागेशच्या बाजूला नागेश एकटाच उरला होता. आप्पा कुठल्या बाजूला होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

जीप दीडला आली. शांतलिंगआप्पा, म्हणजे होणारे व्याही, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या थोरल्या बहीण, ज्यांना जिंतूरचं सगळं घर आत्याबाई म्हणे आणि ज्यांच्या होकाराशिवाय त्या घरात गाईला वासरूही होत नाही असं नागेश म्हणत असे. आणि मागोमाग स्वामीजी, भगवी लुंगी सावरत, पायात खडावा.

"शरणार्थ, शरणार्थ," असे नमस्कार झाले. पाय धुवायला पाणी झालं, सतरंजी झाली, गूळ-पाणी झालं. विरेशनं कुबड्यांकडं हात नेला तेव्हा शांतलिंगआप्पा म्हणाले, "बसा बसा, उठू नका." तो बसूनच हात जोडून वाकला. आत्याबाईंची नजर आधी दाढीवर गेली, मग लुंगीवर. तिथं ती चांगलीच रेंगाळली.

बोलणं रस्त्यावरून सुरू झालं. झिरो फाट्यापासून पुढं किती खड्डे आहेत, यंदा ऊन किती तापलंय, सोयाबीनला काय भाव निघेल. नागेश दर वाक्याला "बरोबर हाय" म्हणत होता. आप्पांच्या हातातलं पान तसंच होतं. ज्यासाठी सगळे जमले होते ते सगळ्यांच्या मधोमध स्टुलावर लांब पसरलेलं होतं आणि त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग आत्याबाई पुढं सरकल्या. त्यांनी लुंगीचं काही विचारलंच नाही. त्या विरेशच्या गळ्याकडं बघत होत्या.

"पोरा, तुझं लिंग कुठाय?"

आप्पांनी पाहिलं. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि आत गळ्यात शिवदोरा नव्हता. जन्मल्याबरोबर स्वामींनी बांधलेला, मरताना तळहातावर ठेवून मातीत सोबत न्यायचा, तो इष्टलिंगाचा दोरा विरेशच्या गळ्यात नव्हता. किती दिवसांपासून नव्हता? आप्पांना आठवेना. त्यांच्या वडलांच्या वेळेला गावातल्या एका माणसाचं लिंग नदीत पडलं होतं, तर ते सापडेपर्यंत तो तीन दिवस उपाशी काठावर बसून राहिला होता. लुंगीचं काहीतरी सांगता आलं असतं. याचं काय सांगणार?

नागेशनं डोळे मिटून घेतले. मल्लम्मा मात्र दाराशी बसून कपात चहा ओतत होत्या, आणि त्यांचा हात जराही हलला नाही.

"हाय की, आत्याबाई," विरेश म्हणाला. त्यानं शर्टाची बाकीची बटणं काढली. आत पांढरी बंडी होती, आणि बंडीला आतून, डाव्या छातीवर, एक खिसा. त्यावर झाकणाची पट्टी, पट्टीला दोन बटणं. त्यानं दोन्ही काढली, हात कपाळाला लावला आणि खिशातून लिंग ठेवलेला चांदीचा करंडा अलगद बाहेर घेऊन तळहातावर धरला.

खिसा हिरव्या-निळ्या चौकड्याचा होता. लुंगीच्याच कापडाचा.

"हे हाड मोडलं होतं," विरेशनं गळ्याजवळ बोट ठेवलं. "टाके होते, पट्टा होता. दोरा घासायचा, रगत यायचं. हातात धरून तर चालता येत न्हाई. खाजामियाँचा फोन यायचा अधूनमधून. त्यांना मी सांगितलं तर ते म्हनाले, कहाँ रखना चाहिए बताव. मी म्हनलो, बेंबीच्या वर, छातीशी. त्यांनी ही बंडी शिवून लुंग्यांच्या गाठोड्यात घातली. एक हाय, म्हनून आई रोज रातच्याला धुते."

"त्यांना काय ठाव आपलं लिंग?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज कडकच होता, पण आता त्यात प्रश्न होता.

"ठाव हाय. अपघात झाला त्या रातीला मला आत नेताना सिस्टरनं अंगावरचं सगळं काढून घेतलं. माझं मानूस कोनीच नव्हतं तिथं." विरेशनं आप्पांकडं पाहिलं नाही, तरी आप्पांनी मान खाली घातली. "खाजामियाँनी सिस्टरला सांगितलं, ये इनके भगवान हैं, टेबलपे मत रखो. नवीन रुमाल आनला, त्यात घेतलं आन शर्टच्या खिशात ठेवलं. आडवं झालं तर पडल म्हनून रातभर भिंतीला टेकून बसून राहिले. सकाळी आई आली तवा तिच्या पदरात दिलं."

मांडवाच्या दोरीवर बसलेल्या चिमण्यांचा तेवढा गलका चालला होता.

"पन खिशात ठेवायचं म्हंजे..." आत्याबाईंनी स्वामीजींकडं वळून बघितलं. त्यांना आता निवाडा हवा होता.

स्वामीजींनी तो खिसा जवळ बोलावून बघितला, शिवण बोटानं ओढून पाहिली. "छातीवर हाय ना? मंग जागंवर हाय," ते म्हणाले. "शिवन बी पक्की हाय. हाड भरलं की पुन्ना दोरा बांधू." मग स्वतःच्या भगव्या लुंगीचा घोळ गोळा करत ते हसले. "आन कापडाचं काय सांगता? मागल्या साली नांदेडच्या गाडीत एका म्हाताऱ्यानं मला इचारलं, बाबा, कौन से दर्गे के हो? मी म्हनलो, कपिलधारच्या मठाचा हाय. ते म्हनलं, अच्छा अच्छा, आन जागा दिली बसायला."

राजेश्रीला आधी हसू फुटलं. मग आतून महेश्वरीच्या बांगड्यांचा आवाज आला. शांतलिंगआप्पा हसले नाहीत. त्यांची नजर अजून त्या करंड्यावरच होती.

"रातभर बसले?" त्यांनी विचारलं.

"हां."

"मागं माझ्या वडलांना दवाखान्यात ठेवलं होतं," ते सावकाश म्हणाले. "मी त्यांचा सख्खा पोरगा. बाराच्या पुढं मला जागवलं न्हाई." त्यांनी समोरचं पान उचललं आणि आप्पांकडं वळले. "याही, उद्या गुग्गुळ किती वाजता निघनार? आमी बी येतो म्हनलं. दुपारपस्तोर परत जाऊ."

आप्पांच्या आधी नागेशनंच सांगितलं, सात वाजता. आत्याबाई तेवढ्यावर पुरत्या निवल्या असं म्हणता येणार नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विरेशच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "दाढी तरी काढ बाबा, जावयासारखा दिसशील." विरेश म्हणाला, "दाढी काढतो, आत्याबाई. लुंगी ऱ्हाऊ द्या." त्यावर त्याही हसल्या.

जीप वळून दिसेनाशी झाली तेव्हा आप्पा स्वयंपाकघरात आले. मल्लम्मा पुरण वाटत होत्या.

"तुला ठाव होतं?"

"बंडी मीच धुते न्हवं का."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

मल्लम्मांनी वाटणं थांबवलं. "तुमी कधी विचारलं? दोन महिने झाले, तुमी लुंगीच बघायलात. पोरगं कमरेच्या वर बी हाय."

आप्पा उभ्याचे खाली बसले. ते वाटीतलं पुरण बोटावर घेऊन चाखत राहिले आणि गोड पुरेसं आहे म्हणाले.

दिवस कलायच्या सुमाराला ते दुकानात आहेर बांधायला बसले. जिंतूरकरांचे शेले, मामांचे टॉवेल-टोप्या, स्वामीजींची भगवी छाटी, सगळ्यांच्या घड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. कुबड्यांचा ठकठक आवाज आला आणि विरेश येऊन गादीच्या कडेला बसला. दाढी काढलेली होती. हनुवटीवरची शिवण आप्पांनी आज पहिल्यांदा बघितली.

"खाजामियाँला पत्रिका गेली का?" आप्पांनी विचारलं.

"मी पाठवलीय मोबाइलवर. येतो म्हनलेत."

"मोबाइलवर पाठवतात का? हळद-कुंकू लावून..." ते थांबले. "बरं. त्यांचा आहेर मी माझ्या हातानं काढतो." ते उठले, आणि छत्तीस वर्षांची सवय असलेला हात सरळ चौकड्याच्या कप्प्याकडं गेला. त्यातली उत्तम, दक्षिणेकडून आलेली, रेशमी काठाची लुंगी त्यांनी काढली आणि झटकून समोर धरली. "ही कशी हाय?"

विरेश हसायलाच लागला. हसता हसता त्यानं पाय धरला.

"काय झालं?"

"आप्पा, त्यांना लुंगी? ते लुंगी घालतच न्हाईत. पँट असती, इस्त्रीची, घडी मोडू देत न्हाईत. मला म्हनले, शिवायला सोप्पी हाय म्हनून दुसऱ्याला देतो, मला न्हाई जमत, पायात येती."

आप्पा लुंगी तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनाही हसू आलं, ओशाळं हसू. त्यांनी लुंगीची घडी घातली, कप्प्यात सरकवली आणि पँटच्या कापडांकडं वळले. तिथंही हात अडला. काळं? राखाडी? रेघेचं? माणूस कधी पाहिलेला नाही.

"त्यांनाच विचारू," ते म्हणाले. "लाव फोन."

विरेशनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडं शिलाई मशीन चालू होतं. मग ते थांबलं.

"हॅलो, खाजामियाँ? मी पालमहून, इरेशचा बाप बोलायलोय." आप्पांनी पँटच्या कापडांवर हात ठेवला. "मला तुमाला एक इचारायचं होतं..."

"आदाब, आप्पासाहेब," पलीकडचा आवाज म्हणाला. "पहले ये बताव, बच्चे का पाँव कैसा है?"

फोन कानाला तसाच धरून आप्पा खाली बसले, पोराचा पाय हलक्या हातानं आपल्या मांडीवर घेतला आणि चौकड्याच्या लुंगीचा काठ गुडघ्यापर्यंत वर सरकवला.

"एक मिनिट थांबा," ते म्हणाले. "बघून सांगतो."